अडथळा, प्रथम श्रेणी

प्रवाशांना घ्यायला येऊ नये. आल्यास परत पाठवण्यात येईल.
(शहरातील सर्व विमानतळ, स्थानके व बंदरे येथील पाटी)

०

नरसाळ्यात तांदूळ ओतले की आधी भराभर उतरतात आणि मग काही कारण नसताना थांबतात. ज्योत्स्नाबाई नरसाळ्याला टिचकी मारतात आणि म्हणतात, "ह्यांच्यावर गेलंय."

०

शारीरिक पात्रता: खांद्यांची रुंदी पंचावन्न सेंटिमीटरहून कमी नसावी. स्वभाव: 'जरा सरका' म्हटल्यास न सरकणारा.

०

पुठ्ठा, चौदा इंच बाय दहा. एका बाजूला 'सांगलीची आत्या'. दुसऱ्या बाजूला 'भाऊजी + ३', त्यातला तीन खोडून चार.

०

मेंढ्या कोंडवाड्यातून सोडताना म्हातारा धनगर फाटकासमोर पाय रोवून उभा राहतो. "बाजूला व्हा की, जाऊ द्या त्यांना," असं शहरातला पाहुणा सांगतो. धनगर हसतो. मेंढ्याही हसत असाव्यात.

०

"बावीसला येतेय. चार दिवस. हॉटेल घेतलंय. बाबांना सांग, घ्यायला येऊ नका."

०

स्टीलचा डबा. आत भाकरीचा चतकोर आणि पाण्याची छोटी बाटली. झाकणावर कोरलेलं: सौ. ज्यो. वि. मुरकुटे.

०

वरच्या सगळ्याच्या मधोमध विलास मुरकुटे उभे आहेत. मधोमध उभं राहणं हीच त्यांची नोकरी आहे.


बंदीच्या आधी

मुरकुट्यांच्या गोतावळ्यात मुंबईला येणारा माणूस पत्ता विचारत नसे. "विलास येईल घ्यायला," एवढं पुरे असे. विमान असो, एक्स्प्रेस असो, रेवसची लाँच असो, विलास येई.

सरकारी कचेरीत हेडक्लार्क असल्यामुळे हे जमत होतं. सकाळी हजेरी लावायची, खुर्चीच्या पाठीला जॅकेट अडकवायचं, चष्म्याची रिकामी डबी टेबलावर उघडी ठेवायची आणि दादरला जाऊन आत्याला घेऊन यायचं. साहेबांनी विचारलं, "मुरकुटे कुठायत?" तर शेजारचे म्हणत, "इथेच आहेत की. जॅकेट आहे." एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या जॅकेटने नऊ-दहा वर्षं तरी एकट्याने काम पाहिलं असेल.

घ्यायला आलेली बाकीची माणसं कठड्याबाहेर उभी राहत. विलासराव कठड्याच्या आत शिरत आणि शेवटच्या फाटकाच्या दोन हात अलीकडे, किंचित डावीकडे, पुठ्ठा छातीशी धरून उभे राहत. येणारी गर्दी थेट त्यांच्यावर यायची.

"ओ, बाजूला व्हा!"

"आमचं माणूस यायचंय."

"सगळ्यांचंच यायचंय."

"मग त्यांनीही उभं राहावं."

मुलगी गार्गी लहानपणी बरोबर असायची. तिला या प्रकाराची लाज वाटे. "बाबा, आपण खांबाजवळ उभे राहू या ना."

"खांबाजवळ उभा राहिलेला माणूस दिसत नाही," विलासराव म्हणत. "आणि घ्यायला आलेला माणूस आधी दिसायला पाहिजे. सामान नंतर."


बंदी

'वेस' नावाची यंत्रणा आली तेव्हा शहराला दोन विमानतळ, सहा मोठी स्थानकं आणि तीन प्रवासी धक्के होते. कोणत्या माणसाला कोणत्या दाराने आत घ्यायचं हे वेस ठरवू लागली. नागपूरहून येणारा कधी ठाण्याला उतरे, कधी पनवेलला. खाडीपलीकडच्या विमानतळावर उतरलेल्याला कधी सागरी पुलावरून बसने शिवडीला पाठवलं जाई, कधी बोटीने भाऊच्या धक्क्याला. ज्या दाराशी गर्दी कमी आणि वाट मोकळी, तिथे माणूस. दार कोणतं ते फक्त वीस मिनिटं आधी कळे.

वेशीचं गणित चोख होतं. एकच गोष्ट तिला पटत नव्हती. दर प्रवाशामागे सरासरी अडीच माणसं घ्यायला येत होती. ती काही करत नव्हती, कुठे जात नव्हती, नुसती मध्ये उभी होती. शहर-प्रवेश प्राधिकरणाने २०३९ साली त्यांच्यावर बंदी घातली.

पहिल्या दिवशी नारळ फुटला, भाषणं झाली. सकाळी दहाच्या सुमारास सगळी दारं तुंबली.

कोणाला काही कळेना. रस्ता रिकामा, फाटक उघडं, समोर एक माणूस नाही, आणि गर्दी फाटकात अशी अडकलेली की एका गृहस्थांची बॅग बाहेर पोचली आणि गृहस्थ पाऊण तास आत. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच.

फक्त भाऊच्या धक्क्याचं एक दार, रोज सकाळी साडेदहा ते साडेबारा, झऱ्यासारखं वाहत होतं.

प्राधिकरणातल्या डॉ. तस्नीम परकार यांनी त्या दाराचं चित्रण वरून पाहिलं. हजारो ठिपके पुढे सरकत होते. एक ठिपका हलत नव्हता. फाटकाच्या दोन हात अलीकडे, किंचित डावीकडे.

घ्यायला येणाऱ्याला बंदी होती, येणाऱ्याला नव्हती. म्हणून निवृत्त विलासराव रोज सकाळी तिकीट काढून बोटीने मांडव्याला जात, त्याच बोटीने परत येत, आणि उतरल्यावर बाहेर न पडता उभे राहत. त्या आठवड्यात अलिबागकडची पाच माणसं यायची होती.


जेवणाच्या टेबलावर शास्त्र

"काकू, थोडे तांदूळ मिळतील? आणि नरसाळं?"

"सांडायचे नाहीत हं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आणि ह्यांना अटक करायला आली असशील तर आधी चहा घे. ते कुठे जात नाहीत. उभेच असतात."

तस्नीमने तांदूळ ओतले. ते भराभर उतरले आणि थांबले.

गर्दी पाण्यासारखी वाहते असं लोक म्हणतात. ती धान्यासारखी वाहते. पाण्याचे कण एकमेकांवरून घसरतात. दाणे एकमेकांवर रेलतात. अरुंद तोंडाशी चार-पाच दाणे एकाच वेळी पोचले की ते खांद्याला खांदा लावून कमान धरतात. मागून जितका जोर, तितकी कमान पक्की. दगडी पूल याच युक्तीने उभे राहतात. माणसंही फाटकात अशीच अडकतात, आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरा अडलाय.

"आता बघा." तस्नीमने एक लिमलेटची गोळी दोऱ्याला बांधून नरसाळ्यात, तोंडाच्या जरा वर, टांगती ठेवली. पुन्हा तांदूळ ओतले. सगळे उतरले. "मागचा सगळा दाब गोळीवर येतो. तिच्याखाली दाणे सैल राहतात. कमान होतच नाही. वाटेत काहीतरी मध्ये असलं की वाट मोकळी होते."

"म्हणजे हे गोळी आहेत," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"हो."

"चौतीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात हे मध्ये येतात. तेव्हा काही वाट मोकळी झाली नाही."

"मग तिथे खांब का नाही उभारत?" विलासरावांनी विचारलं. त्यांना स्तुती झाल्यासारखं वाटत होतं, पण खात्री नव्हती.

खांब उभारून झाले होते. लोक खांबाला टेकले, खांबापाशी बसले, खांबावर थुंकले. यंत्रमानव ठेवला, त्याला लोकांनी शौचालय कुठे ते विचारलं आणि त्याच्यासमोर रांग लागली. तगडे तरुण नेमले. कोणी "दादा, जरा" म्हणालं की ते सरकत.

"तुम्ही सरकत नाही," तस्नीम म्हणाली. "आणि आणखी एक आहे, ते आमच्या अजून नीट लक्षात येत नाहीये. नुसत्या उभ्या माणसाला लोक ढकलतात. पण एखादा खरोखर कोणाची तरी वाट बघतोय, नजर आपल्या पलीकडे आहे, असं दिसलं की लोक आपोआप वळसा घालतात. तीन पावलं आधीपासूनच. वाट बघण्याचं सोंग चालत नाही. आम्ही नाटकातली माणसं आणून पाहिली."

"म्हणजे ह्यांना वाट बघायचा पगार?"

"हो, काकू."

ज्योत्स्नाबाईंनी तांदूळ पुन्हा डब्यात भरले. "मग माझी मागची थकबाकी कोणाकडे मागायची?"


सेवेच्या शर्ती (उतारा)

३. अडथळ्याने पिवळ्या वर्तुळात उभे राहावे.
४. अडथळ्याने हात हलवू नये, हाक मारू नये, ओळख दाखवू नये. एक प्रवासी चार सेकंद थांबल्यास मागे साडेतीनशे प्रवासी थांबतात.
५. अडथळ्याने दररोज कोणाची तरी मनापासून वाट पाहावी. गरज पडल्यास प्रवाशांच्या यादीतून नाव पुरवले जाईल.

पाचवी अट विलासरावांना मुळीच जड गेली नाही. यादीतलं 'कु. हेमांगी तावडे, रत्नागिरी' एवढं नाव वाचून ते घरी येऊन सांगत, "पोरगी एकटीच आली असेल गं. पोचली असेल ना नीट?"

चौथी अट जड गेली. दोन वर्षांपूर्वी गार्गी आली तेव्हा. पाच वर्षांनी येत होती. रॉटरडॅमच्या बंदरात ती जहाजांचं येणं-जाणं आखायचं काम करते. बापाच्या नोकरीबद्दल ऐकून तिथे सगळे पोट धरून हसले होते, आणि तीही. विलासरावांची नेमणूक तेव्हा सांताक्रूझ विमानतळावर होती. तिथल्या दारातून ती ट्रॉली ढकलत आली. बाबा समोर, पिवळ्या वर्तुळात, नवीन खाकी जॅकेट घालून. ती थांबणार एवढ्यात त्यांना मागचे साडेतीनशे दिसले.

त्यांनी भुवया उडवल्या.

गर्दीने तिला बाहेर नेलं. ती एकटीच टॅक्सीने घरी गेली आणि आईला म्हणाली, "पाच वर्षांनी मुलगी आली आणि बापाने भुवया उडवल्या."

"दोन्ही उडवल्या होत्या," संध्याकाळी विलासराव म्हणाले.

ठरल्यापेक्षा चार दिवस आधीच ती परत गेली. तेव्हापासून ती फोन आईला करी.


बावीस जानेवारी, सकाळ

"इथल्या बंदरात तिला नोकरी मिळतेय," ज्योत्स्नाबाई डबा भरता भरता म्हणाल्या. "चार दिवसांत हो की नाही सांगायचंय तिला. आणि हॉटेलात उतरतेय. काय ते समजा."

"घ्यायला येऊ नका म्हणालीये ती."

"अहो, घ्यायला येऊ नका म्हणजे काय असतं हे तुम्हाला मी सांगायचं? आज जगाच्या आधी पोरीला घ्या. घरी यायची नाही ती, म्हणून भाकरतुकडा डब्यात देतेय. तिथेच ओवाळून टाका. आणि भुवया जागच्या जागी ठेवा."

विलासरावांनी नवा पुठ्ठा कापला. त्यावर लिहिलं: गार्गी. पुठ्ठा, डबा, उन्हासाठी छत्री, सगळं पिशवीत.

त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर तीन मोठी प्रवासी जहाजं लागणार होती. नऊ हजार माणसं. विलासरावांनी अंगठा टेकवून हजेरी लावली आणि वर्तुळात उभे राहिले. तस्नीमने फोनवर सांगितलं, "काका, आज बारापर्यंत पापणीसुद्धा हलवू नका."

दहा वाजून पाच मिनिटांनी ज्योत्स्नाबाईंचा निरोप आला: गार्गी खाडीपलीकडे उतरली. वेशीने शिवडी दिलंय. बसने. वीस मिनिटं.

शिवडी तिथून चार किलोमीटर.

पहिलं जहाज लागत होतं. विलासरावांनी दोन्हीकडे पाहिलं. मग त्यांनी एकतीस वर्षांच्या अनुभवाला अनुसरून पाऊल उचललं. खाकी जॅकेट काढलं, छत्री वर्तुळाच्या मधोमध उघडून ठेवली, तिच्यावर जॅकेट घातलं, शेजारी पिशवी ठेवली, आणि रिक्षात बसले.

वरून पाहणाऱ्या वेशीला पिवळ्या वर्तुळात पंचावन्न सेंटिमीटर रुंद खाकी काहीतरी दिसत होतं. हजेरी लागलेली होती. ते हलत नव्हतं. वेशीच्या हिशेबी मुरकुटे इतके स्थिर कधीच नव्हते. तिने धक्क्याचं दार शहरातलं सर्वांत भरवशाचं ठरवलं आणि आणखी माणसं तिकडे वळवायला घेतली.

शिवडीकडे निघालेली एक बस तिने पुलाच्या तोंडाशीच थांबवली आणि उतारूंना बोटीत बसवलं.


शिवडी, दहा अठ्ठावीस

दार रिकामं. एक सफाईवाला आणि एक मांजर.

"बस कुठाय?"

"वळवली. भाऊच्या धक्क्याला." सफाईवाल्याने विलासरावांकडे निरखून पाहिलं. "तुम्ही ते... अडथळा ना? मग तुम्ही इकडे, तर तिकडे कोण?"

"जॅकेट," विलासराव म्हणाले.

त्यांनी डबा काढायला हात खाली नेला. पिशवी नव्हती. भाकरतुकडा जॅकेटपाशी राहिला होता. नावाचा पुठ्ठाही.


भाऊचा धक्का, दहा बावन्न

छत्रीला कोणी वळसा घालत नाही. पहिल्या शंभर माणसांत जॅकेट पडलं, पुढच्या शंभरांत छत्री मोडली, आणि फाटकात कमान धरली. मागे जहाजाचे प्रवासी, त्यांच्यामागे विमानतळाच्या बोटी. लोक आधी पुढच्यांवर ओरडले, मग सरकारवर, मग "तो जाडा कुठे गेला?" असं विचारू लागले. तीन वर्षं ज्याला त्यांनी रोज शिव्या दिल्या होत्या, त्याच्या नावाने आज पहिल्यांदा हाका चालल्या होत्या.

त्यांच्यात गार्गी होती. आधी तिला दिसलं की वर्तुळ रिकामं आहे, आणि ती मनात म्हणाली, बरं झालं. मग पायाखाली जॅकेट आलं. मग पिशवी. ती कोणी तुडवू नये म्हणून तिने उचलली, आणि आत पुठ्ठा दिसला. तिचं नाव, बाबांच्या अक्षरात. त्या अक्षरात तिने आजवर फक्त दुसऱ्यांची नावं पाहिली होती. डबा. झाकण न उघडताच तिला आत काय असेल ते कळलं, तरी तिने उघडलं.

बाबा तिला घ्यायला आले होते, आणि आता इथे नव्हते. म्हणजे ते तिला शोधायला दुसरीकडे गेले होते. म्हणजे ते परत इथेच येणार होते.

तिने पाठीवरची सॅक छातीशी आडवी घेतली, त्याने पंचावन्न सेंटिमीटरची रुंदी जेमतेम भरली. पिवळ्या वर्तुळात ती पाय रोवून उभी राहिली, पुठ्ठा धरला आणि लोकांच्या डोक्यांवरून पलीकडे पाहू लागली.

"ओ ताई, बाजूला व्हा!"

"नाही."

"अहो, आधीच तुंबलंय!"

"माहितीये. हलणार नाही."

लोक चिडले. मग तिच्याकडे पाहून तीन पावलं आधीपासून वळसा घालू लागले. फाटकातली कमान सुटली.

प्राधिकरणात तस्नीमने आकडे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. धक्क्याचं दार आजवरच्या उच्चांकाहून नऊ टक्के जास्त वेगाने वाहत होतं.


अकरा वीस

विलासराव शहराच्या बाजूने आले, म्हणजे तिच्या पाठीमागून. तुंबलेल्या रस्त्यात रिक्षा सोडून, धापा टाकत. गर्दी त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहत होती. वर्तुळात कोणीतरी उभं होतं.

"बाजूला व्हा," ते म्हणाले. "ही माझी जागा आहे."

"आमचं माणूस यायचंय," ती वळून न पाहता म्हणाली.

"कोण यायचंय?"

आवाज ऐकून ती वळली. बाबांचा शर्ट बाहेर आलेला, अंगात जॅकेट नाही, एक चप्पल रिक्षात राहिलेली. चौथी अट, मागची हजारो माणसं, सगळं बाजूला ठेवून विलासरावांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. दोन हातांच्या अंतरावरून.

"दिसले, बाबा," गार्गी म्हणाली. "बस करा. हात दुखतील."

"मी शिवडीला गेलो होतो."

"कळलं मला. जॅकेट ठेवून."

"कचेरीत चालायचं ते."

"कचेरीत कोणाला घाई नव्हती." ती हसली, आणि मग तिने डबा पुढे केला. "आईने दिलंय ना? मग करा लवकर. लोक बघतायत."

त्यांनी भाकरीचा चतकोर तिच्यावरून तीनदा ओवाळला, पाणी फिरवलं, आणि तुकडा धक्क्यावरून भिरकावला. तो खाली पडण्याआधीच कुरव पक्ष्यांनी त्याचे तीन वाटे केले. जहाजावरच्या कोणी परदेशी बाईंनी टाळ्या वाजवल्या. यात बावीस सेकंद गेले. कोणी थांबलं नाही. दोघं असल्यामुळे वळसा जरा मोठा पडत होता, इतकंच.

भोंग्यातून तस्नीमचा आवाज आला. "मुरकुटे काका, तुमच्यावर कारवाई होईल. ती उद्या. आत्ता कृपा करून दोघांनीही हलू नका. अजून एक जहाज आहे."

"किती वेळ?" गार्गीने विचारलं.

"तासभर," विलासराव म्हणाले.

"मी हॉटेल घेतलंय," ती बाबांना म्हणाली. "दोनला खोली मिळते."

"हो. मग तासभर जाईलच."

काही वेळ दोघं उभे राहिले. गर्दी येत होती, फुटत होती, पुढे जाऊन मिळत होती.

"बाबा, पण आता आपण वाट कोणाची बघायची? आपलं माणूस तर आलं."

विलासरावांनी खिशातून यादी काढली, चष्मा लावला. "हे बघ. श्री. दत्तात्रय उपरे, मालवण. वय एकोणऐंशी. एकटेच आहेत."

"एकटेच?" गार्गीने मान उंच केली. "कसे दिसतात?"

"ते काय माहीत. बघ कोणी बावरलेलं दिसतंय का."

तिने फोन काढून हॉटेलला काहीतरी कळवलं, फोन परत ठेवला, आणि पुठ्ठा उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला 'उपरे आजोबा' असं लिहिलं.

गार्गी सहा वर्षांची असताना कल्याण स्टेशनच्या पुलावर हरवली होती. चाळीस मिनिटांनी ती सापडली तेव्हा तिचा हात जिथे सुटला होता तिथेच, पुलाच्या मधोमध, विलास मुरकुटे उभे होते.